घरच्या नळाचा दाब : एका विहिरीच्या निमित्ताने



वसंतातील ह्या व्याख्यानांत राज्ये, संत आणि क्रांत्या ह्यांचा इतिहास सांगण्याची रीत आहे. आम्ही आज नळाचा इतिहास सांगणार आहो. आमचे शिक्षण शाळेत थोडे झाले. उरलेले गिरणीच्या फाटकावर, पंपघरांच्या ओट्यावर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. त्यामुळे राजवाड्यातले आम्हांस फारसे ठाऊक नाही. पण पाणी वर कोण चढवतो, हा प्रश्न आमच्या धंद्यातलाच आहे.

निमित्त साधे आहे. रामदासपेठेतील एका जुन्या बंगलीच्या माडीवर आमच्या संघटनेची एक खोली आहे. मागच्या अंगणात विहीर, काठावर अर्ध्या अश्वशक्तीची मोटर, गच्चीवर टाकी आणि टाकीतून खाली उतरलेले नळ, अशी तेथील व्यवस्था. शहराच्या नळाचे पाणी पिण्यापुरते. बाकी सारे घर विहिरीवर चालते. एका उन्हाळ्यात माडीवरचा नळ मंदावला. पंधरा लिटरची बालटी भरायला पाच मिनिटांच्या वर वेळ लागू लागला. बैठकीला आलेले कार्यकर्ते हातपाय धुण्यासाठी रांगेत उभे राहू लागले. घरमालकीण काकूंनी चार जाणत्यांना विचारले आणि चारही जाणत्यांनी एकच औषध सांगितले : मोटर मोठी बसवा.

काकू पैसे काढायलाही तयार झाल्या होत्या. आम्ही त्यांना आठ दिवस थांबायला सांगितले. ह्या आठ दिवसांत जे पाहिले आणि वाचले, ते आज आपल्यापुढे ठेवतो. त्यातून आम्हांस एक गोष्ट कळली, ती आधीच सांगून टाकतो. नळाचा दाब म्हणजे पाण्याला कोणीतरी दिलेली उंची. दाब कमी झाला, तर ती उंची वाटेत कोठे खर्ची पडली हे आधी शोधावे. आणखी बळ लावण्याचा विचार नंतर करावा. आणि ते बळ लावताना शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी तर ओढले जात नाही ना, हेही पाहावे.

दाबापूर्वीचा काळ

आमच्या आजीच्या पिढीला 'पाण्याचा दाब' हा शब्दप्रयोग कळला नसता. घरात पाणी येत नसे. ते आणावे लागे. विहिरीवर रहाट, रहाटावरून दोर, दोराला बालटी किंवा पोहरा. सुमारे बारा लिटरचा एक पोहरा धरला, तर हजार लिटर पाण्याला त्र्याऐंशी खेपा होतात. आज गच्चीवरची बेताची टाकी हजार लिटरची असते. ती भरणारी मोटर आपण बटण दाबून सुरू करतो आणि वर्तमानपत्र वाचीत बसतो. त्र्याऐंशी वेळा दोर ओढणाऱ्या बाईच्या हाताला जे घट्टे पडत, त्यांची नोंद इतिहासाने ठेवली नाही.

शेतात हेच काम मोट करी. चामड्याची मोठी पिशवी, बैलांची जोडी आणि विहिरीच्या काठाशी बांधलेली उतरती धाव. बैल धावेवरून उतरत, तेव्हा त्यांचे वजनही दोराला मिळे आणि मोट वर येई. ही योजना करणाऱ्याने यंत्रशास्त्राचे पुस्तक वाचले नव्हते. पण पाणी जितके वर न्यावे तितके काम खर्ची पडते आणि उताराचा आधार घेतला तर जनावराचे श्रम वाचतात, हे त्याला पक्के ठाऊक होते.

ह्या काळाचा आणखी एक भाग आहे आणि तो झाकून पाण्याचा इतिहास सांगणे आम्हांस अप्रामाणिक वाटते. दोर हाती असूनही काठावर उभे राहण्याची मोकळीक सर्वांना नव्हती. आपला पोहरा विहिरीत सोडता येत नसल्यामुळे कोणीतरी वरून पाणी ओतील म्हणून तासन्‌तास ताटकळणारी माणसे ह्याच देशात होती. जोतीराव फुले ह्यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्यांना खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी हजारो लोकांसह प्राशन केले, आणि त्या तळ्यावरचा खटला उच्च न्यायालयात निकालात निघायला १९३७ साल उजाडले. रामदासपेठेपासून दीक्षाभूमी काही लांब नाही. तिकडे जाणाऱ्या माणसांचे लोंढे दर वर्षी ह्या भागातूनही जातात. पाणी किती आहे, ह्याआधी ते कोणाचे आहे हे विचारले जाते. हा प्रश्न पुढे मोटरीच्या काळातही आपला पिच्छा सोडीत नाही.

अंबाझरीची उंची

नागपूर हे तळ्यांचे शहर. अठराव्या शतकाच्या आरंभी देवगडच्या बख्त बुलंद शाहाने ते वसविले. त्याच्या पाठीमागून आलेल्या चाँद सुलतानाच्या काळाशी जुम्मा तलावाचे नाव जोडलेले आहे. त्यालाच आपण शुक्रवारी तलाव आणि पुढे गांधीसागर म्हणू लागलो. भोसल्यांच्या राज्यात सक्करदरा, सोनेगाव, तेलंगखेडी अशी तळी ह्या शहराच्या अंगाखांद्यावर आली. तळ्यांनी आणखी एक काम केले : आसपासच्या विहिरींचे झरे जिवंत ठेवले. तळे भरले की विहीर भरे.

नळाचा दाब मात्र नागपुराला मिळाला तो अंबाझरीमुळे. भोसल्यांच्या काळातील हा तलाव शहराच्या पश्चिमेस, चढावर. १८६८ ते १८७३ ह्या काळात हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यात अलेक्झांडर बिन्नी नावाचा इंग्रज इंजिनियर होता. नागपूरच्या पाणीपुरवठ्याचे काम त्याच्याकडे आले. अंबाझरीचा बांध सुधारून व वाढवून तेथील पाणी लोखंडी नळांनी शहरात आणण्यात आले. तळे वर आणि शहर खाली. मधल्या उंचीने पाणी आपल्या पायांनी चालत आले.

बिन्नीने येथे आणखी एक मोलाचे काम केले. तळ्याच्या पाणलोटात किती पाऊस पडतो, त्यातला किती वाहून तळ्यात येतो आणि किती उन्हाने उडून जातो, हे त्याने मोजले. नागपूरच्या जलकामांवरचा त्याचा निबंध लंडनच्या इंजिनियरांच्या संस्थेपुढे १८७४-७५ च्या सत्रात आला. पाऊस आणि वाहून येणारे पाणी ह्यांचे त्याने काढलेले प्रमाण हिंदुस्थानातील इंजिनियरांच्या पाठ्यपुस्तकांत त्याच्याच नावाने शिकविले गेले. हाच बिन्नी पुढे लंडन शहराचा मुख्य इंजिनियर झाला आणि थेम्स नदीखालचा ब्लॅकवॉल बोगदा त्याच्या हातून १८९७ साली पुरा झाला. लंडनच्या नदीखाली जाण्यापूर्वी हा गृहस्थ नागपूरच्या पावसाचे थेंब मोजीत होता, हे नागपूरकराला ठाऊक असावे.

पण थेंब मोजणाऱ्यासोबत नळ वाहणारेही होते. बिडाचे जड नळ गाड्यांवरून आणणारे, चर खणणारे, सांध्यांत शिसे ओतणारे किती मजूर होते आणि त्यांना काय मजुरी मिळाली, हे आमच्या वाचनात आलेले नाही. ते चर आज डांबराखाली गेले.

त्यानंतर शहर वाढत गेले. १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांची एम्प्रेस गिरणी जुम्मा तलावाच्या शेजारी सुरू झाली. वाफेवरच्या गिरणीला सुतापेक्षा आधी पाणी लागते. तळ्याचा शेजार तिला उपयोगी पडला. गिरणीपाठोपाठ हजारो कामगार आले आणि त्यांच्या वस्त्यांत एका नळावर शेकडो घागरी लागू लागल्या. मग १९१२ च्या सुमारास गोरेवाडा, पुढे कन्हान नदी, आणि नंतर पेंच, असे शहराचे नळ दूरदूर पाणी शोधीत गेले. चढावरच्या तळ्याने आपल्या उंचीने दिलेला दाब शहराला अपुरा पडला. पंपांनी तो निर्माण करावा लागला. पंपघरात रात्रपाळीला जागणारा ऑपरेटर हा आता आपल्या नळाच्या दाबाचा जनक आहे. त्या ऑपरेटरांत आम्ही पुष्कळ वर्षे काम केले आहे.

अंगणातल्या विहिरी ह्या काळात मागे पडल्या. काहींवर जाळ्या बसल्या, काहींत कचरा गेला, काही बुजवून त्यांवर गाड्या उभ्या राहिल्या. रामदासपेठेतली आमची विहीर वाचली, ती काकूंच्या सासूबाईंनी विहिरीला तुळशीसारखे जपले म्हणून.

कारागिराने शिकविलेला धडा

आता पंपाकडे वळू. विहिरीवर मोटर ठेवून पाणी ओढणे आपल्याला सोपे वाटते. पण पाणी खरे म्हणजे ओढले जातच नाही. मोटर नळातली हवा काढून टाकते आणि बाहेरची हवा विहिरीच्या पाण्यावर भार घालून त्याला नळात वर ढकलते. त्या हवेच्या भारालाही मर्यादा आहे. समुद्रसपाटीला तो पाणी सुमारे चौतीस फूट चढवू शकतो. नागपूर समुद्रसपाटीपासून हजार फुटांवर असल्यामुळे येथे सुमारे तेहतीस. हा झाला पुस्तकी हिशेब. नळातील घर्षण, सांध्यांची गळती आणि उन्हाळ्यातले कोमट पाणी लक्षात घेता काठावरच्या मोटरीने बावीस ते पंचवीस फुटांपलीकडची आशा धरू नये.

ही मर्यादा विद्वानांना कशी कळली, ह्याची हकिकत आम्हांस फार आवडते. गॅलिलिओच्या १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात एक पात्र सांगते की, एका हौदावरचा पंप एकदा चालेनासा झाला. पंप बिघडला असे समजून त्याने कारागिराला बोलावले. कारागीर म्हणाला की, दोष पंपाचा नाही. पाणी फार खाली गेले आहे आणि अठरा हातांच्या वर कोणताही पंप ते चढवू शकत नाही. त्या कारागिराचे नाव कोणी लिहून ठेवले नाही. त्याचे कारण पुढे १६४४ च्या सुमारास तोरिचेल्लीने पाऱ्याच्या नळीने दाखविले आणि ते जगप्रसिद्ध झाले. पण आधी कळले होते ते हात काळे करणाऱ्यालाच.

आपल्याकडे पंप घरोघर पोचला त्यात मराठी माणसाचा वाटा मोठा आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानातील माळावर किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगराने सुरुवात करून त्यांच्या कारखान्याने १९२६ साली फिरत्या चक्राचा पंप बनविला. विजेची मोटर आणि हा पंप एकत्र आले, तेव्हा मोटेची धाव ओस पडली आणि शहरातल्या विहिरीवरचा रहाट गंजू लागला.

पाणी बावीस-पंचवीस फुटांच्या खाली गेले तर काय करायचे? उत्तर एकच : ओढू नका, ढकला. पंप खाली पाण्यात उतरवा. १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे महाराष्ट्रात विंधणविहिरींवरचे 'जालना पंप' आणि 'सोलापूर पंप' हे हातपंप ह्याच तत्त्वावर चालले. त्यांच्या अनुभवातूनच पुढे 'इंडिया मार्क दोन' हा हातपंप तयार झाला आणि तो जगभरच्या खेड्यांत गेला. आजच्या बुडत्या मोटरीचे तत्त्वही तेच. परंतु बुडती मोटर आली आणि तिच्याबरोबर खोल खणण्याचा मोहही आला. त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

टाकी आणि नळ

आमच्या बंगलीचा प्रश्न आता मांडता येईल. येथे दोन निराळी कामे आहेत आणि लोक त्यांची नेहमी गल्लत करतात. विहिरीतून टाकीपर्यंत पाणी नेणे हे मोटरीचे काम. टाकीतून नळापर्यंत पाणी येणे हे उंचीचे काम. टाकी एकदा भरली की मोटरीचा अधिकार संपला. अर्ध्या अश्वशक्तीची टाकी आणि पाच अश्वशक्तीची टाकी असा काही भेद पाण्याला कळत नाही. तेव्हा टाकी काठोकाठ भरलेली असताना जर नळ मंद चालत असेल, तर मोटर मोठी करून दमडीचाही उपयोग नाही.

आम्ही पहिल्या दिवशी टाकी पूर्ण भरू दिली आणि घड्याळ घेऊन बालटी लावली. खालच्या मजल्यावर पंधरा लिटरची बालटी मिनिटाभरात भरली. माडीवर तीच बालटी पाच मिनिटांहून अधिक. टाकीचे पाणी माडीवरच्या नळापासून सात फूट उंच होते आणि खालच्या नळापासून सतरा फूट. खाली दाब जास्त असणारच. पण उंची अडीचपट झाली म्हणून पाणी पाचपट येत नाही. नळ सारखेच असतील तर ते सुमारे दीडपट यावे. म्हणजे माडीच्या वाटेवर कोठेतरी पाण्याची अडवणूक होत होती.

येथे आम्हांस फ्रान्समधल्या एका इंजिनियराची मदत झाली. त्याचे नाव आन्री दार्सी. दिझों हे त्याचे जन्मगाव पाण्यासाठी तळमळत होते. त्याने सुमारे साडेबारा किलोमीटरांवरच्या झऱ्याचे पाणी केवळ उताराने १८४० साली गावात आणले आणि त्या कामाचा मोबदला घेतला नाही. १८५६ साली त्याने दिझोंच्या पाणीपुरवठ्यावर ग्रंथ लिहिला. त्यात वाळूतून पाणी किती वेगाने झिरपते ह्याचा नियम आहे. आपल्या विहिरीत झरा किती वेगाने भरतो, हे आज त्याच नियमाने मोजतात. नळांतून पाणी वाहताना उंची कशी खर्ची पडते, ह्यावरही त्याने प्रयोग केले आणि नळाची आतली बाजू जुनी, खडबडीत झाली की पाण्याची वाट किती अडते हे दाखविले.

त्याचा घरगुती अर्थ असा. नळाच्या आतला व्यास निम्मा झाला तर पाणी निम्मे येत नाही. तेवढ्याच उंचीवर ते साधारण सहाव्या हिश्श्यावर येते. उलट, टाकी उचलून उंची दीडपट केली तरी पाणी सव्वापटीहून कमीच वाढते. म्हणून टाकी चढविण्यापूर्वी नळ उघडून पाहावा.

आमच्या ओळखीचे एक वृद्ध मिस्त्री आले. त्यांनी गच्चीवरच्या नळाला कान लावला, मग विहिरीच्या काठावर बसून मोटर चालू करायला सांगितली आणि म्हणाले, "मोटरीले काहून दोष देता भाऊ? ते हवा कुठून घेते, ते तं पाहा पहिले."

दोष दोन ठिकाणी निघाले. माडीवर जाणारा जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी नळ बंगली बांधली तेव्हाचा होता. त्याचा वीतभर तुकडा कापून काढला, तर इंचभर व्यासाच्या नळात बोटही जाईना. गंज आणि क्षार ह्यांचा पांढरा-तांबडा थर आत जमून जेमतेम शाईच्या दौतीचे तोंड उरले होते. ह्यात नवल नाही. पश्चिम नागपूर काळ्या पाषाणावर वसले आहे. सीताबर्डीची टेकडी त्याच खडकाची. ह्या खडकाच्या भेगांतून येणारे पाणी बहुधा जड असते, डाळ शिजायला वेळ लावते आणि नळात थर धरते. नागपूरच्या ह्या खडकांचा पहिला शास्त्रीय अभ्यास करणारे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांचे नाव आपल्या महाविद्यालयाला आहे. १८६३ साली पुराच्या ओढ्यातून जाताना बुडून त्यांचा अंत झाला.

दुसरा दोष विहिरीवर होता. मे महिन्यात पाणी मोटरीपासून तेवीस फूट खाली गेले होते, म्हणजे मोटर मर्यादेच्या काठावर काम करीत होती. त्यातच ओढीच्या नळावरचा एक सांधा सैल होऊन आत हवा घेत होता आणि तळाशी असलेल्या झडपेचे चामडे झिजून नळातले पाणी परत विहिरीत उतरत होते. ज्या सांध्याने दोन नळ जोडतात आणि हवे तेव्हा उघडता येतात, त्याला नळकाम करणारे 'युनियन' म्हणतात. मिस्त्री आमच्याकडे पाहून हसत म्हणाले, "भाऊ, युनियनच ढिली आहे तुमची." आमचे कार्यकर्ते अजून तो विनोद आम्हांस ऐकवितात.

सांधा घट्ट केला, झडपेचे चामडे बदलले, माडीचा नळ नवा टाकला. मोटर तीच राहिली. भरल्या टाकीवर माडीची बालटी आता सव्वा मिनिटात भरते. सर्व खर्च नव्या मोटरीच्या निम्म्याहून कमी आला आणि त्यातला मोठा भाग मजुरीचा होता. तो मिस्त्रींनी सांगितला तसा दिला. घासाघीस केली नाही, हे संघटनेच्या माणसाने सांगितलेच पाहिजे.

शेजाऱ्याचा झरा

येथे व्याख्यान संपवता आले असते. पण मोठी मोटर बसवली असती तर काय झाले असते, हे सांगायचे राहिले. माडीचा नळ तसाच मंद राहिला असता. विहीर मात्र लवकर उपसली गेली असती. काळ्या पाषाणातल्या विहिरीत पाणी भेगांतून हळूहळू येते. झऱ्याचा वेग मोटरीच्या वेगाहून कमी असला की पाणी झपाट्याने खाली जाते, मोटर हवा पिऊ लागते आणि मालक म्हणतो की विहीर आटली. मग विंधणविहीर येते, आधी दोनशे फूट, मग चारशे. ज्या भेगेतून आपले पाणी येते तीच भेग कुंपणापलीकडच्या विहिरीलाही पाणी देत असेल, तर पहिल्याची सोय दुसऱ्याचा कोरडा पोहरा होते. काकूंच्या शेजारी अशी एक विहीर आहे. तिच्यावर मोटर नाही. बंगल्याचा राखणदार आणि त्याचे बिऱ्हाड दोराने पाणी काढते. आम्ही मोटर मोठी केली असती, तर पहिल्यांदा त्यांना कळले असते.

सरकारलाही हे कळले. १९९३ च्या महाराष्ट्राच्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या ठिकाणापासून पाचशे मीटरांच्या आत परवानगीवाचून नवी विहीर खणण्यास मनाई केली. २००९ साली विधिमंडळाने अधिक व्यापक कायदा केला. कायदे आहेत, परंतु जमिनीखाली पोलीस उतरत नाही. भेगेतल्या पाण्याचे वाटप शेवटी शेजाऱ्या-शेजाऱ्यांनीच करायचे असते.

शहराच्या नळाची गोष्टही वेगळी नाही. नळावर थेट मोटर लावून पाणी ओढणारे घर आपल्या टाकीत दाब आणते आणि गल्लीच्या टोकाच्या घराचा दाब घालवते. शिवाय मुख्य नळ रिकामा पडला की सैल सांध्यांतून बाहेरची घाण आत ओढली जाते आणि ती सर्वांनाच प्यावी लागते. नागपूरच्या पाणीवाटपाचे काम २०१२ साली पंचवीस वर्षांच्या कराराने खासगी कंपनीकडे गेले. चोवीस तास पाणी हे त्याचे ध्येय सांगितले गेले. त्या करारावर आमची मते आहेत, ती दुसऱ्या व्यासपीठावर सांगू. एवढेच म्हणतो की, चोवीस तास भरलेला नळ ही चैनीची गोष्ट नाही, ती आरोग्याची गोष्ट आहे. आणि ती प्रत्येक घराने आपल्या वाट्याइतकेच घेतले तरच टिकते.

२०१९ च्या जुलैत पेंचचे पाणी खालावले आणि शहराला आठवड्यातून तीन दिवस नळाचे पाणी बंद झाले. त्या दिवसांत लोकांना आपापल्या विहिरी आठवल्या. जाळ्या उघडल्या गेल्या, गाळ निघाला. काकूंच्या विहिरीवर तेव्हा पाच घरांची माणसे येत. काकूंनी कोणाला नाही म्हटले नाही आणि कोणाला जातही विचारली नाही. आणि २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अतिवृष्टीने अंबाझरी ओसंडला, नागनदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरले, माणसे दगावली. ज्या उंचीने कधी काळी शहराला नळाचा दाब दिला, तीच उंची त्या रात्री संकट होऊन उतरली. बिन्नीने मोजलेला पाऊस मोजणे आपण थांबवू नये, असे तेव्हा आम्हांस वाटले.

श्रोतेहो, आता आपण घरी जाल. आपला नळ मंद असेल तर आधी टाकी भरा आणि घड्याळ लावून बालटी मोजा. एकच नळ मंद असेल तर त्याची जाळी आणि त्याचा नळ पाहा. सर्वच मंद असतील तर टाकीतून उतरणारा मुख्य नळ पाहा. टाकीच भरत नसेल तर विहिरीत दोर सोडून पाणी किती फूट खाली आहे ते मोजा, सांधे व तळाची झडप तपासा. उन्हाळ्यात सलग उपसण्यापेक्षा सकाळी थोडे व संध्याकाळी थोडे असे उपसा. मधल्या वेळात झरा आपले काम करतो. विहिरीच्या भिंतीवर दर महिन्याला पाण्याची रेघ मारून ठेवा. पावसाळ्यात गच्चीचे पाणी गाळून विहिरीत सोडता आले तर सोडा.

आणि हे सारे करूनही मोटर मोठी करावीच लागली, तर बटण दाबण्यापूर्वी एकदा कुंपणावरून शेजारच्या विहिरीत डोकावून या. तेथे कोणी दोर सोडून उभे असेल, तर त्याच्याशी दोन शब्द बोला. आमच्या विहिरीवर आता मोटर किती वाजता चालवायची, हे काकू आणि तो राखणदार मिळून ठरवितात. त्याच्या बायकोचे पाणी भरून झाल्याशिवाय आमची मोटर सुरू होत नाही.